तीन लाखांचा करार आणि पंचविशीची अट

२०२५च्या मे महिन्यात पश्चिम नागपुरातल्या एका बास्केटबॉल क्लबच्या खेळाडूपुढे एका खासगी लीगचा करार आला. मुलगा पॉईंट गार्ड, म्हणजे चेंडू हाताळून संघाचा खेळ रचणारा, वय तेवीस, महाराष्ट्राकडून वरिष्ठ राष्ट्रीय स्पर्धा खेळलेला. एका हंगामाचं मानधन तीन लाख रुपये आणि सही करायला आठवडाभराची मुदत. त्याच सुमारास तो रेल्वेच्या क्रीडा कोट्यातल्या भरतीची वाट पाहत होता. मी सनदी लेखापाल आहे आणि याच क्लबच्या सिमेंटच्या मैदानावर खेळून मोठा झालो, म्हणून त्याचे वडील कराराची प्रत घेऊन माझ्याकडे आले. लीगचं, क्लबचं आणि कुटुंबाचं नाव इथे देत नाही. रकमा आणि अटी मात्र कागदावर होत्या तशाच लिहितो आहे.

सही करायची की नाही, एवढाच प्रश्न होता. पण घरात तो भलत्याच दारातून शिरला. त्याच आठवड्यात एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमधल्या बोस्टन सेल्टिक्स संघाच्या जेसन टाटमचा उजव्या पायाचा अकिलीस टेंडन, टाचेमागचा स्नायुबंध, तुटला. न्यूयॉर्कला रात्रीचा सामना, आपल्याकडे १३ मेची सकाळ. आमच्या क्लबचा हा मुलगा टाटमची शून्य नंबरची हिरवी जर्सी घालून सराव करतो, त्यामुळे घरात दुसरा विषय नव्हता. टाटम पुढचे कित्येक महिने कोर्टवर उतरणार नाही आणि तरी २०२५-२६च्या हंगामाचे त्याचे ५ कोटी ४१ लाख डॉलर, म्हणजे आपले ४६० कोटींच्या आसपास, कुठेही जात नाहीत, हे वडिलांना कळलं. ते वेकोलित, म्हणजे वेस्टर्न कोलफिल्ड्स या सरकारी कोळसा कंपनीत, नोकरीला आहेत, खाणीत उमेदीची वर्षं घातलेला माणूस. खुर्चीत बसायच्या आधीच ते म्हणाले, "मले एक सांगा भाऊ, पाय मोडून घरी बसाचे चारशे साठ कोटी? आन् माह्या पोरानं घाम गाळला तर तीन लाख? कोनाची किंमत कोन ठरवते हे?"

हा प्रश्न मला टाळता येत नव्हता. त्याचं उत्तर दिल्याशिवाय तीन लाख कमी की जास्त, हे सांगायला माझ्याकडे मापच नव्हतं.

चारशे साठ कोटी कुठून येतात

एनबीएत पगार मालकाच्या दिलदारपणावर चालत नाहीत. टीव्हीचे हक्क, तिकिटं, प्रायोजक, जर्सीची विक्री असं खेळातून आलेलं उत्पन्न एकत्र मोजतात आणि त्यातले ४९ ते ५१ टक्के खेळाडूंचे, असा लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्यात सामूहिक करार आहे. २०११च्या टाळेबंदीआधी हा वाटा ५७ टक्के होता. त्या वर्षी मालकांनी कुलपं लावली, ८२ सामन्यांचा हंगाम ६६ वर आला आणि खेळाडूंना वाटा सोडावा लागला. उत्पन्नाचा आकडा दरवर्षी तपासला जातो आणि दोन्ही बाजूंच्या टेबलावर असतो. पगारातला काही भाग वर्षभर राखून ठेवतात. एकूण पगार ठरलेल्या वाट्याच्या वर गेले तर त्यातून मालकांची भरपाई होते, कमी पडले तर मालकांना भर घालावी लागते.

लेखापालाच्या नजरेला यातली एक गोष्ट लगेच दिसते. खेळाडूंचा एकूण वाटा बांधलेला असल्यामुळे एखाद्याला अवाच्या सवा मिळाले, तर ते जातात दुसऱ्या खेळाडूंच्या वाट्यातून. २०१६ साली टीव्हीचा नवा पैसा आला आणि संघाची पगारमर्यादा ७ कोटींवरून एकदम ९ कोटी ४१ लाख डॉलरवर गेली. त्या उन्हाळ्यात लॉस एंजेलिस लेकर्सनी तिमोफी मोझगोव्ह या सेंटरला चार वर्षांचे ६ कोटी ४० लाख डॉलर देऊ केले आणि एका हंगामानंतर त्याला दुसऱ्या संघाकडे धाडलं. तो त्या पैशांच्या लायकीचा नव्हता असं लोक म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे. पण त्याने मालकांना लुटलं असं म्हणता येत नाही.

दुसऱ्या टोकाला तारे आहेत. १९९५-९६मध्ये मायकल जॉर्डनचा पगार साडेअडतीस लाख डॉलर होता. दोन वर्षांनी तो ३ कोटी ३१ लाखांवर गेला, आणि तेव्हा अख्ख्या संघाची पगारमर्यादा होती २ कोटी ६९ लाख. एक माणूस संघाच्या मर्यादेपेक्षा मोठा झाला. मालक घाबरले. १९९९च्या करारात एका खेळाडूला किती देता येईल यावरच झाकण बसलं: अनुभवानुसार पगारमर्यादेच्या २५, ३० किंवा ३५ टक्के. टाटमचे ५ कोटी ४१ लाख म्हणजे १५ कोटी ४६ लाखांच्या मर्यादेचे नेमके ३५ टक्के. म्हणजे हा आकडा बाजाराने काढलेलाच नाही, झाकणाने काढला आहे. जगातल्या पहिल्या पाच-दहा खेळाडूंना मोकळा बाजार मिळाला तर ते याहून बरंच जास्त मिळवतील, असं माझं ठाम मत आहे.

नवख्यांचं तसंच. १९९४ला ग्लेन रॉबिन्सनने एकही सामना खेळण्याआधी दहा वर्षांचा ६ कोटी ८० लाख डॉलरचा करार मिळवला आणि पुढच्याच वर्षी नवख्यांचे पगार तक्त्यात बांधले गेले. ड्राफ्ट म्हणजे संघांनी नव्या खेळाडूंची क्रमाने केलेली निवड. निकोला योकिच २०१४च्या ड्राफ्टमध्ये ४१वा निवडला गेला. पहिली तीन वर्षं त्याला वर्षाला १३ ते १५ लाख डॉलर मिळाले. पुढे तो तीनदा लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्याच्या पुढच्या वर्षी, २०१५ला, आपला पंजाबचा सतनामसिंग भामरा डॅलसने ५२वा निवडला. भारतात जन्मलेला ड्राफ्टमधला तो पहिला खेळाडू, पण एनबीएचा एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. निवडीच्या दिवशी दोघांची बाजारातली किंमत जवळजवळ सारखी होती.

वडिलांना मी आणखी एक हिशेब दाखवला. बोस्टन सेल्टिक्स हा संघ २००२ साली ३६ कोटी डॉलरला विकला गेला होता. मार्च २०२५मध्ये त्याचा नवा सौदा ठरला ६.१ अब्ज डॉलरला, म्हणजे सुमारे सतरा पट. खेळाडूंच्या वाट्यासाठी जे उत्पन्न मोजतात त्यात संघविक्रीचा हा नफा धरलेलाच नाही. हंगामाच्या कमाईत अर्धा वाटा आणि मालमत्तेच्या वाढीत शून्य. हे ऐकून ते बराच वेळ कॅल्क्युलेटरकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हंजे टाटमलेबी कमीच देऊन राहिले."

माझंही उत्तर तेच आहे. खेळाडू म्हणून सगळ्यांचा मिळून वाटा ठीक, ताऱ्यांना आणि नवख्यांना त्यांच्या कमाईहून कमी, मधल्या फळीतल्या काहींना जास्त. परिचारिकेला किंवा खाणकामगाराला इतके पैसे का नाहीत, हा प्रश्न मोठा आहे आणि खरा आहे. पण टाटमचा पगार कापला तर ते पैसे परिचारिकेकडे जाणार नाहीत. संघमालकाकडे जातील.

आपल्याकडचे आकडे

विदर्भात खेळाच्या पैशांची गोष्ट निघाली की क्रिकेटला पर्याय नाही. अमरावतीच्या जितेश शर्माला २०२५च्या आयपीएलसाठी ११ कोटी मिळाले, हे वडिलांना पाठ होतं. मी म्हटलं, काका, तोच हिशेब इथे लावू. २०२३ ते २०२७ या पाच वर्षांचे आयपीएलचे प्रक्षेपण हक्क ४८,३९० कोटींना गेले, म्हणजे वर्षाला सरासरी ९,६७८ कोटी. दहा संघ, २०२५ला प्रत्येकाकडे खेळाडूंसाठी १२० कोटी, एकूण १,२०० कोटी. सामन्यामागचे साडेसात लाख वर मिळवले तरी खेळाडूंचा वाटा नुसत्या प्रक्षेपण हक्कांच्या चौदा टक्क्यांच्या आसपास राहतो. तिकिटं आणि प्रायोजक अजून धरलेच नाहीत. ११ कोटी डोळ्यात भरतात, पण अमेरिकेतला बास्केटबॉलपटू आपल्या लीगच्या उत्पन्नातला त्याहून कितीतरी मोठा तुकडा घेतो. आपल्या खेळत्या क्रिकेटपटूंची वाटाघाट करणारी संघटना नाही, हे त्याचं मोठं कारण.

अमेरिकेतही ती फुकट मिळाली नाही. बोस्टनचा खेळाडू बॉब कूझी याने १९५४ला खेळाडूंची संघटना उभी केली आणि पहिली काही वर्षं मालकांनी तिला दारात उभं केलं नाही. जानेवारी १९६४मध्ये बोस्टनला लीगमधल्या निवडक ताऱ्यांचा ऑल-स्टार सामना होता, रात्रीच्या मुख्य वेळेत टीव्हीवर दाखवला जाणारा पहिलाच. खेळाडू ड्रेसिंग रूममधून बाहेर यायला तयार होईनात. बाहेर कॅमेरे सुरू, प्रेक्षक बसलेले, आणि आतमध्ये एकच मागणी: निवृत्तिवेतनाचं लेखी नाही तरी शब्द द्या. तो मिळाला तेव्हाच सामना सुरू झाला. हा प्रसंग मी मुलाला मुद्दाम सांगितला. त्याचा उपयोग पुढे झाला.

भारतातल्या व्यावसायिक बास्केटबॉलची गोष्ट लहान आहे. यूबीए ही खासगी लीग २०१५ला सुरू झाली आणि २०१७नंतर तिचा हंगाम भरला नाही. २०१८ला तीन-तीन खेळाडूंची ३बीएल आली, २०२२ला भारतीय बास्केटबॉल महासंघाची आयएनबीएल. या लीगांनी मुलांना चांगली मैदानं आणि परदेशी प्रशिक्षक दाखवले, ते मी मानतो. पण ज्याच्यावर घर चालेल असा पगार इथल्या बास्केटबॉलपटूला आजवर दिला तो रेल्वेने, सैन्यदलांनी, बँकांनी, आयकर खात्याने, पोलिसांनी. पद्मश्री मिळालेल्या अनिता पॉलदुराई दक्षिण रेल्वेत. महिलांच्या वरिष्ठ राष्ट्रीय स्पर्धेत वर्षानुवर्षं वर्चस्व रेल्वेच्याच संघाचं. म्हणजे प्रेक्षक पैसे देत नाहीत, नियोक्ता देतो, आणि तो प्रेक्षकसंख्या मोजत नाही. तो प्रमाणपत्रं मोजतो.

कागद

आता करार. सहा पानं, इंग्रजीत, मुलाने फक्त रक्कम नीट वाचलेली.

तीन लाखांचे तीन हप्ते: सहीला ३० टक्के, हंगामाच्या मध्यावर ३० टक्के, उरलेले ४० टक्के हंगाम संपल्यावर नव्वद दिवसांत. मध्यस्थ म्हणून मिरवणाऱ्या गृहस्थाला १५ टक्के. (एनबीएत एजंटला जास्तीत जास्त ४ टक्के घेता येतात, आणि ती मर्यादा संघटनेने घातलेली आहे.) दहा टक्के टीडीएस कापला जाणार, तो विवरणपत्र भरून परत मिळेल, पण सहीच्या दिवशी हातात नसतो. मध्यस्थाचे जाऊन राहिले दोन लाख पंचावन्न हजार, आणि त्यातलेही खात्रीचे फक्त पहिल्या हप्त्याचे. कारण चौथ्या पानावर लिहिलं होतं की खेळाडू जखमी होऊन उपलब्ध राहिला नाही तर उरलेली रक्कम देण्याचं बंधन आयोजकांवर नाही. उपचाराचा खर्च कोणाचा, यावर अक्षरही नव्हतं. विमा नव्हता. पॉईंट गार्डच्या गुडघ्यातला लिगामेंट तुटला तर रामदासपेठेत शस्त्रक्रिया आणि नंतरची फिजिओथेरपी यांत हे मानधन बुडून वर घरचे पैसे जातील.

टाटम आणि आमचा मुलगा यांच्यातला खरा फरक मला या पानावर दिसला. त्याचा टेंडन तुटला तर जोखीम संघाची. याचा गुडघा गेला तर जोखीम वेकोलितल्या बापाची.

पण सगळ्यात महाग कलम वेगळंच होतं. करारावर सही झाल्यापासून २४ महिने खेळाडूने आयोजकांच्या लेखी परवानगीशिवाय इतर कोणत्याही संघाकडून, कोणत्याही स्पर्धेत खेळू नये. मुलाने हे वाचून सोडून दिलं होतं. त्याला वाटलं, दुसऱ्या लीगबद्दल असेल.

मी त्याला जन्मतारीख विचारली. ऑगस्ट २००१. रेल्वेच्या क्रीडा कोट्यातल्या थेट भरतीला वयाची अट १८ ते २५, त्यात सूट नाही. शंभर गुणांपैकी ४० चाचणीचे, १० शिक्षणाचे आणि ५० मान्यताप्राप्त स्पर्धांमधल्या अलीकडच्या कामगिरीचे. खासगी लीगमधले गुण, टाळ्या, सर्वोत्तम खेळाडूची ट्रॉफी, यातलं काही त्या पन्नासात बसत नाही. राज्याच्या संघाकडून राष्ट्रीय स्पर्धा खेळण्यासारखी मान्यताप्राप्त कामगिरीच बसते. हे बंधन संपणार मे २०२७च्या अखेरीस. तोवर आयोजकांनी परवानगी नाकारली तर दोन वर्षांत एकही प्रमाणपत्र नाही, आणि बंधन संपेल तेव्हा मुलगा पंचविशीच्या पलीकडे. महाराष्ट्र शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण तिथेही क्रीडा खात्याच्या विभागीय उपसंचालकांकडे पडताळणीला न्यायचं असतं ते प्रमाणपत्रच.

समोरची बाजू मी वहीत मांडली. रेल्वेच्या दुसऱ्या वेतनस्तराचं मूळ वेतन १९,९०० रुपये. तेव्हाचा ५५ टक्के महागाई भत्ता आणि नागपूरच्या वर्गाला लागू असलेला २० टक्के घरभाडे भत्ता धरला तर महिन्याला पस्तीस हजारांच्या घरात, वर्षाला चार लाखांच्या वर. जुनी पेन्शन नव्या भरतीला नाही, पण एनपीएस किंवा १ एप्रिल २०२५पासून आलेला यूपीएसचा पर्याय आहे, रेल्वेचं रुग्णालय आहे, आणि गुडघा गेला तरी नोकरी राहते. हे मिळेलच असं नाही. जागा मोजक्या, बास्केटबॉलला त्याहून मोजक्या, त्यातही पॉईंट गार्ड हवा असेल तर. पण तीन लाखांच्या मोबदल्यात त्या मोजक्या जागांवरचा हक्क दोन वर्षं गहाण ठेवायचा, हा सौदा तिथे होता. लीग त्याच्या खेळाचे तीन लाख देत होती आणि त्याच्या वयाची किंमत काहीच देत नव्हती.

किंमत काढायचा प्रयत्न

तीन लाख कमी आहेत का? मला हे प्रामाणिकपणे मोजायचं होतं. खेळाडूची किंमत म्हणजे त्याच्यामुळे उत्पन्नात पडणारी भर, असं अर्थशास्त्र सांगतं. त्यासाठी उत्पन्न माहीत हवं. मी लीगच्या व्यवस्थापकांना फोन केला आणि नम्रपणे विचारलं, की मुख्य प्रायोजक, प्रक्षेपण, तिकिटं मिळून हंगामाचं उत्पन्न किती आणि त्यातलं किती खेळाडूंवर जाणार? ते म्हणाले, ही माहिती गोपनीय आहे, आणि आम्ही सध्या तोट्यात आहोत. तोटा खरा असेलही. नवी लीग पहिली काही वर्षं तोट्यातच जाते. पण ज्या धंद्याचा हिशेब एकाच बाजूला दिसतो, तिथे "परवडत नाही" हे वाक्य दुसऱ्या बाजूने तपासता येत नाही.

दुसरा मार्ग म्हणजे त्याच्या जागी दुसरा आणायला किती पडेल ते बघणं. इथे उत्तर कडू होतं. पंजाब, तमिळनाडू, केरळ, उत्तर प्रदेश. तीन लाखांत येणारे पॉईंट गार्ड लीगला मिळाले असते. एकट्याच्या बळावर मुलाची किंमत तीन लाखांच्या वर नेता येत नव्हती. म्हणून मी त्याला सांगितलं, रकमेवर अडू नकोस, जोखमीवर अड. रक्कम वाढवली तर लीगला सगळ्यांसाठी वाढवावी लागेल. विम्याचा हप्ता आणि एक कलम सैल करणं त्यांना स्वस्त पडेल, आणि तुला त्याची किंमत रकमेपेक्षा मोठी आहे.

मग त्याने जे केलं ते मी सुचवलं नव्हतं. हाच मसुदा नागपूर आणि अमरावतीतल्या आणखी काही मुलांना आला होता. त्याने सगळ्यांना शिवाजीनगरला चहाला बोलावलं आणि बोस्टनची १९६४ची गोष्ट सांगितली. "दादा, मी म्हटलं त्याहीले, एकानं सही केली तर बाकीच्याहीचं काहीच ऐकनार नाही ते." दोघे जण आधीच सही करून बसले होते. त्यांना कोणी बोल लावला नाही, दोघांच्याही घरी पैशांची निकड होती. उरलेल्या पाच जणांनी एकच ईमेल पाठवला. मागण्या चार. हंगामाचा अपघात आणि वैद्यकीय विमा. सामन्यात किंवा सरावात जखम झाली तरी पूर्ण मानधन. बंधन फक्त हंगामापुरतं, आणि राष्ट्रीय स्पर्धा व नोकरीच्या निवड चाचण्यांना परवानगीची गरज नाही. शेवटची, हंगामाच्या उत्पन्नाचा आकडा खेळाडूंना दाखवा.

मध्यस्थाने आधी फोनवर दम दिला, मग घरी येऊन वडिलांना समजावलं, की पोराचं करिअर तुम्हीच संपवताय. वडिलांनी त्याला पाणी दिलं आणि कराराचं चौथं पान वाचून दाखवायला सांगितलं.

मुदत संपायच्या आदल्या संध्याकाळी सुधारित मसुदा आला. विमा मान्य. बंधन हंगामापुरतं, राष्ट्रीय स्पर्धा आणि चाचण्या मोकळ्या. जखमेच्या बाबतीत मधला मार्ग: पहिले दोन हप्ते कोणत्याही परिस्थितीत, तिसरा उपलब्धतेनुसार. मानधन तेच तीन लाख. उत्पन्नाच्या आकड्याबद्दल उत्तरात एक शब्दही नाही. विम्याची तरतूद आधी सही केलेल्या दोघांनाही लागू झाली, कारण लीगने पॉलिसी संघाच्या नावाने काढली.

मुलाने सही केली. माझा सल्लाही तोच होता. सुधारलेला करार चांगला नव्हता, पण आता त्यात त्याच्या हातून काही जात नव्हतं, आणि मोठ्या मैदानावर चांगल्या गार्डांसमोर खेळायला मिळत होतं. मध्यस्थाला त्याने स्वतः पाच टक्क्यांवर आणलं.

हंगाम झाला. तिसरा हप्ता नव्वद दिवसांत आला नाही; पाचांनी पुन्हा एकत्र ईमेल केल्यावर आला. आमच्या मुलाच्या घोट्याला हंगामात मुरड पडली होती, एमआरआयचा खर्च विम्यातून निघाला. रेल्वेच्या भरतीची जाहिरात आली की तो अर्ज करणार आहे, त्यासाठी पुन्हा महाराष्ट्राच्या निवड शिबिरात घाम गाळतो आहे. उत्पन्नाचा आकडा अजूनही आम्हाला कोणी दाखवलेला नाही, आणि तो मिळेपर्यंत तीन लाख हा योग्य मोबदला होता असं मी लिहून देणार नाही.

मधल्या काळात, जुलै २०२५मध्ये, इंडियानापोलिसला डब्ल्यूएनबीए या अमेरिकेतल्या महिलांच्या लीगच्या ऑल-स्टार सामन्याआधी तिथल्या खेळाडू "आमचं देणं आम्हाला द्या" अशा अर्थाचे टी-शर्ट घालून सरावाला उतरल्या. त्यांच्यातल्या केटलिन क्लार्कला २०२४च्या तिच्या पहिल्या हंगामात ७६,५३५ डॉलर पगार होता आणि तिच्यासाठी स्टेडियमं भरत होती. त्या मागणीचाही गाभा रकमेपेक्षा उत्पन्नातला वाटा हाच होता. आमच्या क्लबच्या मुलींनी तो फोटो आपल्या ग्रुपवर टाकला. त्यांच्यातल्या दोघींना आता त्याच लीगच्या महिला विभागाचा मसुदा आला आहे, मानधन दीड लाख. २४ महिन्यांचं बंधन त्यात परत आलं आहे आणि विम्याचं कलम गायब आहे. मुलांनी आपला ईमेल त्यांना पाठवून दिला. मुलींनी त्यातल्या चारही मागण्या ठेवल्या, फक्त उत्पन्नाच्या आकड्याची मागणी उचलून पहिल्या क्रमांकावर घेतली.